पहिली रायफल, एकच रायफल: टेक्ससमधल्या नव्या शिकाऱ्यासाठी

नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला की टेक्ससमधल्या ऑफिसांतली बरीच मंडळी गायब होतात. हरणांचा हंगाम सुरू झालेला असतो. एखादा सहकारी ‘चल की एकदा’ म्हणून आपल्यालाही लीजवर (शिकारीसाठी भाड्यानं घेतलेल्या रानात) घेऊन जातो, आणि परतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आपला माणूस बंदुकांच्या दुकानात उभा असतो. समोर भिंतभर रायफली, बाजूला काडतुसांच्या खोक्यांची चळत, आणि काउंटरवरचा गृहस्थ विचारतो, ‘कशासाठी हवी?’ ‘सगळ्यासाठी’ असं उत्तर दिलं की तो हसतो. पण उत्तर वावगं नाही. तीन-चार रायफली जमवून एक ना धड भाराभर चिंध्या करण्यापेक्षा एकच नीट निवडावी आणि तिच्यावर हात बसवावा, हे पहिल्या पाच-सात वर्षांसाठी तरी सगळ्यात शहाणपणाचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको: .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट रायफल (प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट ओढून पुढचं काडतूस भरायची), तीन-ते-नऊ पटींची साधी दुर्बीण. अंगकाठी किरकोळ असेल किंवा धक्क्याची धास्ती वाटत असेल तर ६.५ क्रीडमूर. का, ते पुढे येईल. भारतात १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानं शिकारीला बंदी आहे, त्यामुळे इथलं सगळं अमेरिकेतल्या परवान्यानं होणाऱ्या शिकारीपुरतं आहे, हे गृहीत धरा.

पहिली पायरी: कागद

दुकानात पाऊल टाकण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. फेडरल कायद्याप्रमाणे एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्यानं दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

यात एक खोच आहे आणि ती दुकानदार सांगेलच असं नाही. टेक्ससचं परवाना-वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. एच-१बीवरच्या माणसानं परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, तर १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटात पडलेली तीच रायफल त्याला फेडरल गुन्ह्यात अडकवू शकते. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळतात, तेव्हाच घेऊन ठेवा. नवरा-बायको दोघंही व्हिसावर असतील आणि दोघांनाही रायफल हाताळायची असेल, तर परवाने दोघांचे हवेत. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्याची फी रायफलीच्या किमतीपेक्षा जास्त झाली तरी विचारा.

ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर विकत घेऊन आपण वापरायची, ही युक्ती कोणी सुचवली तर तिथून उठून या. दुकानात जो फॉर्म ४४७३ भरावा लागतो त्यात ‘ही बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेताय का’ हाच प्रश्न असतो, आणि दुसऱ्यासाठी अशी खरेदी केल्यास २०२२च्या कायद्यानुसार पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच फॉर्मवर गांजाचाही प्रश्न आहे. कोलोराडोत गांजा दुकानात मिळतो म्हणून तो फेडरल फॉर्मवर चालत नाही.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्ससमध्ये हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. सतरा आणि त्यापुढच्या वयाच्यांना तो ऑनलाइन करता येतो. तरी जमलं तर प्रत्यक्षातलाच करा. तिथे वेगवेगळ्या रायफली हातात घ्यायला मिळतात आणि विक्रीचा दबाव नसतो.

दुसरी पायरी: सावज कोणतं, किती अंतरावरून

काडतुसांच्या वादात बहुतेक लोक इथूनच उडी मारून पुढे जातात. टेक्ससच्या हिल कंट्रीतलं व्हाइटटेल हरीण अंगानं लहान, पुरेसा वाढलेला नरही बहुतेकदा पन्नास-साठ किलोंच्या आसपास. मचाणासारख्या ब्लाइंडमध्ये बसायचं, समोर शंभरेक यार्डांवर मक्याचा फीडर, खिडकीच्या चौकटीवर रायफल टेकवलेली. या कामाला .२४३पासून पुढचं कुठलंही शिकारीचं काडतूस चालतं. रानडुक्कर याहून चिवट. नराच्या खांद्यावर कातड्याची जाड ढाल असते, पण मध्यम काडतूस आणि चांगली गोळी असली की तेही भागतं.

मराठी माणसाला गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे टेक्ससच्या रानात आपलं चितळ आहे. १९३२मध्ये इथे आणलं, आणि आता ‘ॲक्सिस डीअर’ या नावानं मोकाट फिरतं. बाहेरून आणलेलं जनावर म्हणून त्याला बंद हंगाम नाही. मांस उत्तम. दक्षिण टेक्ससमध्ये किंग रँचच्या परिसरात नीलगायही आहे, विदर्भातला आपला रोही. त्याचा नर मात्र वेगळं प्रकरण आहे: दोन-अडीचशे किलोंचं धूड, जाड कातडं, आणि वर्मी न लागलेली गोळी घेऊन मैलभर पळण्याची ताकद. तिथले वाटाडे मोठी मॅग्नम काडतुसं मागतात ते उगाच नाही.

शेवटचा प्रसंग म्हणजे कोलोराडोतली एल्कची ट्रिप. प्रत्येकाच्या डोक्यात ती असते, घडते फार थोड्यांची. एल्क सांबराहून मोठा, मादीसुद्धा दोनशे किलोंच्या वर. कोलोराडोचा नियम स्पष्ट आहे: नळी किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे ०.२४ इंच व्यासाची), पसरणारी गोळी, एल्कसाठी ती किमान ८५ ग्रेन (ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम) वजनाची, आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा. अंगावर ५०० चौरस इंच झगझगीत भगवा किंवा गुलाबी रंग, शिवाय त्याच रंगाची टोपी.

आता हिशोब करा. दहा वर्षांत शंभर वेळा चाप ओढलात तर त्यातले नव्वद बार हरीण, चितळ आणि डुकरावर असतील. एक-दोन एल्कवर. रोह्यासाठी गेलातच तर तिथे भाड्यानं रायफल मिळते. निवड त्या नव्वदांसाठी करायची, आणि एल्कला अंगावर घेण्याइतकं बळ राखून ठेवायचं.

राज्य बदललं की नियम बदलतात, हेही इथेच लक्षात घ्या. ओहायोत हरणांसाठी बाटलीसारख्या मानेची काडतुसं चालतच नाहीत, सरळ भिंतीची लागतात. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांसाठी सेमीऑटोमॅटिक (बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद. नोकरीमुळे राज्यं बदलण्याची शक्यता असेल तर बोल्ट रायफल सगळ्यात कमी ठिकाणी अडते.

तिसरी पायरी: काडतूस

आता खरा वाद. (काडतूस म्हणजे कवच, आतली दारू आणि पुढची गोळी मिळून.) .३०-०६ स्प्रिंगफील्ड १९०६चं, अमेरिकी सैन्याचं. .२७० विंचेस्टर १९२५चं, त्याच कुळातल्या कवचाची मान आवळून केलेलं. .३०८ आलं १९५२मध्ये. गोळीचा व्यास .३०-०६एवढाच, पण कवच ६३ मिलिमीटरवरून ५१वर आणलेलं, दारू सुधारल्यामुळे वेगात फारशी तूट नाही. याच .३०८च्या कवचातून पुढे १९५५मध्ये .२४३ आणि १९८०मध्ये ७एमएम-०८ निघालं. ६.५ क्रीडमूर हे २००७चं, हॉर्नडी कंपनीचं. लांब-सडपातळ गोळी, वारा कमी लागतो, धक्का कमी.

कागदावर बघितलं तर .३०८ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,८२० फुटांनी निघते, क्रीडमूरची १४३ ग्रेनची २,७००नी, .३०-०६ची १८० ग्रेनची तीही २,७००नी. (१५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमची.) दीडशे यार्डांवरच्या चितळाला यातला फरक कळत नाही. स्वीडन-फिनलंडमध्ये १८९४च्या ६.५×५५ काडतुसानं पिढ्यानपिढ्या मूसची शिकार होत आली आहे, आणि मूस एल्कपेक्षाही मोठा. म्हणून ‘अमुक काडतुसानं एल्क पडत नाही’ असं ठासून सांगणाऱ्याला चहा पाजावा आणि पुढे जावं.

फरक पडतो तो खांद्यावर. आठ पाउंडांच्या रायफलीत .२४३चा धक्का अंदाजे ९ फूट-पाउंड, क्रीडमूरचा १२, .३०८चा १७, .३०-०६चा २०, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २५च्या पुढे. नवख्यानं मॅग्नम घेतली की नाकापेक्षा मोती जड होतो. पहिल्या पाच बारांत मजा वाटते, सहाव्यापासून शरीर आपोआप दचकायला शिकतं, आणि ते शिकलेलं विसरायला वर्ष जातं.

दचकणं स्वतःला कळत नाही, म्हणून एक परीक्षा. रेंजवर मित्राला रायफल भरायला सांगा, तुम्ही पाठ फिरवा. त्यानं कधी खरं काडतूस घालायचं, कधी सरावाचं खोटं. तुम्ही नेम धरून सावकाश चाप ओढा. खोटं असेल तेव्हा नुसता ‘टक्’ आवाज येतो, आणि त्या शांततेत दिसतं ते खरं चित्र: नळीचं तोंड दोन-तीन इंच खाली गेलेलं, डोळे मिटलेले, दातांवर दात. .३०८वर हे होत असेल तर क्रीडमूर किंवा ७एमएम-०८ घ्या. यात कमीपणा काही नाही, उलट जनावर जखमी होऊन रानात जात नाही.

मग मी .३०८ का म्हणतो? एक, काडतूस कुठेही मिळतं. लानोसारख्या गावातल्या छोट्या दुकानात उरलीसुरली दोन-तीन जातींची खोकी असतील त्यात हे बहुतेक असतंच. दोन, सरावाची स्वस्त काडतुसं भरपूर, कारण सैन्याचं ७.६२ नाटो याचंच भावंड. तीन, नळी हजारो बार टिकते. चार, रायफलीचा बोल्ट आखूड लागतो, त्यामुळे ती थोडी हलकी आणि आटोपशीर. .३०-०६ कोणाकडे आजोबांची, म्हणजे सासरच्या अमेरिकी आजोबांची, आयती चालून आली असेल तर मात्र निमूट तीच वापरा. ती घेऊन पश्चात्ताप झालेला माणूस मला भेटलेला नाही.

चौथी पायरी: रायफल अंगाला बसते का

बोल्ट रायफलच घ्या. सेमीऑटोमॅटिक जड, महाग, आणि नवख्याला दुसऱ्या बाराची सवय लावणारी. लिव्हरवाली .३०-३० दिसायला देखणी आणि दाट झाडीत उत्तम, पण दीडशे यार्डांपुढे दमते. शिवाय तिच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, म्हणून टोकदार गोळ्या चालत नाहीत.

रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट या स्वस्तातल्या, थोडं पुढे गेलं की टिक्का टी३एक्स. आजच्या स्वस्त रायफलीही नेमाला इतक्या चोख असतात की पहिली काही वर्षं कमी पडाल ते तुम्ही, ती नव्हे. ब्रँडपेक्षा माप बघा. चापापासून दस्त्याच्या बुडापर्यंतची लांबी साधारणपणे साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. ती सहा फुटी टेक्सन माणसासाठी. पाच फूट दोन-चार इंचांच्या आपल्या लोकांना ती लांब पडते, मग मान पुढे ताणली जाते आणि नेम हलतो. ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘यूथ’ लिहिलेली मागवा. पोरांची म्हणून लाजू नका, बोल्ट आणि यंत्रणा तीच असते, नळी फार तर थोडी आखूड.

दुकानात बघायचं असं: आधी बोल्ट उघडून रायफल रिकामी असल्याची खात्री दुकानदाराकडून आणि मग स्वतः करून घ्या. नळी कोणाकडेही न वळवता, डोळे मिटून ती खांद्याला लावा, गाल आरामात दस्त्यावर टेकवा, आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल स्वच्छ दिसला तर माप बरोबर. कडेला काळी चंद्रकोर दिसली, मान वर-खाली करावी लागली, तर दुसरी बघा. हंगामात अंगात जाड जॅकेट असतं, तेव्हा जॅकेट घालूनच जा.

डावा डोळा प्रबळ असेल तर तेही आधीच कळलेलं बरं. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची एखादी वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर वस्तू नाहीशी होते तो प्रबळ. डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूचा बोल्ट मिळतो.

जुनी रायफल घेणार असाल तर बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, आणि तिच्या सिरियल नंबरवर कंपनीनं माघारी बोलावण्याची सूचना काढली आहे का ते तपासा.

पाचवी: दुर्बीण आणि गोळी

दुर्बिणीत अडकू नका. ३-९×४० (तीन ते नऊ पट, पुढची काच ४० मिलिमीटर) घ्या, दोनशे ते साडेतीनशे डॉलरांत चांगली येते. पंचवीस पटींची घेतली तर जवळचं हरीण नुसतं तपकिरी केस म्हणून दिसतं. डोळा आणि काच यांत साडेतीन इंचांचं अंतर राहील अशी ती बसवून घ्या. कमी राहिलं तर पहिल्याच बाराला भुवईवर अर्धचंद्र उमटतो, आणि सोमवारी ऑफिसात खुलासा करत बसावा लागतो.

गोळीत मात्र काटकसर नको. पूर्ण धातूच्या आवरणाची, सैनिकी पद्धतीची गोळी सरावाला ठीक, शिकारीला नाही. ती पसरत नाही, आरपार जाते, आणि अनेक राज्यांत बेकायदा आहे. हरणासाठी १५० ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला उघडं शिसं असलेली, पसरणारी), सगळ्यासाठी एकच हवी तर १६५ ग्रेनची, आवरण आणि शिसं एकजीव केलेली. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई मांस खाणार असेल तर तांब्याची गोळी घ्या. शिशाचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत.

नळीवर कोरलेलं नाव, खोक्यावरचं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव, तिन्ही जुळल्याशिवाय काडतूस आत घालू नका. ‘जवळपास तेच’ असं या धंद्यात काही नसतं.

सहावी: नेम लावणं आणि स्वतःचं अंतर ठरवणं

पंचवीस यार्डांपासून सुरुवात करा. दुर्बिणीची एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणजे २५ यार्डांवर एक षोडशांश इंच. तिथे गोळी दोन इंच खाली लागली तर ३२ क्लिक वर. मग १०० यार्डांवर जा, तीन-तीन बारांचे गट काढा, मधे नळी निवू द्या. एकट्या गोळीवरून दुर्बीण फिरवू नका, गटाच्या मध्यावरून फिरवा. शिकारीला जी गोळी वापरणार तिच्यावरच शेवटचा नेम पक्का करा. सरावाची स्वस्त गोळी वेगळ्या जागी लागते.

१०० यार्डांवर दोन इंच वर लागेल असं ठेवलं की .३०८ जवळपास २०० यार्डांवर नेमक्या जागी येते आणि ३००वर आठ-नऊ इंच खाली जाते. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग आठेक इंचांचा, म्हणून दोनशे यार्डांपर्यंत डोक्यात काही हिशोब करायला नको.

पण ते रायफलीचं अंतर. तुमचं वेगळं. आठ-नऊ इंचांच्या कागदी प्लेट घ्या, टेबल सोडा, आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधारानं, रानात जसा बार काढाल तसे पाच बार काढा. पाचही प्लेटमध्ये बसले तर पन्नास यार्ड मागे सरा. ज्या अंतरावर एक जरी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. बहुतेक नवख्यांचं पहिल्या वर्षी ते शंभर-सव्वाशे यार्ड येतं, आणि टेक्ससच्या ब्लाइंडला तेवढं पुरतं. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही हवेत. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो.

घरी, आणि मुंबईच्या विमानाआधी

रायफल कुलूपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. हिवाळ्यात आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेले असतात, नातवंडं घरभर असतात. त्यांना ‘हात लावू नका’ सांगणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. किल्ली कुठे आहे हे घरातल्या एकाच, फार तर दोन मोठ्या माणसांना माहीत असावं.

रेंजवर जी सॅक नेता ती भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. शिवणीत, आतल्या खिशात एखादं काडतूस राहून जातं. ते भारतीय विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात दिसलं की १९५९च्या शस्त्रास्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, ‘चुकून राहिलं’ हे कोर्टापुढे मांडावं लागतं, आणि तोवर परतीचं विमान निघून गेलेलं असतं. रेंजची सॅक भडक रंगाची घ्या, गॅरेजमध्येच ठेवा, आणि घरात सांगून ठेवा की ही सामानाला नाही.